कार्यालयाचा लॅपटॉप, घरचे वाय-फाय आणि जबाबदारीचे कोडे

कार्यालयाचा लॅपटॉप घरी आणायचा, घरच्या वाय-फायला जोडायचा आणि राहिलेले काम रात्री पूर्ण करायचे, हा क्रम आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बंगळूर येथील मराठी घरांतही नित्याचा झाला आहे. जोडणीला अर्धे मिनिटही लागत नाही. यादीतून आपल्या राउटरचे नाव निवडले, पासवर्ड दिला, की काम सुरू. परंतु त्या अर्ध्या मिनिटात भिन्न मालकांच्या व्यवस्था एकमेकींना जोडल्या जातात. लॅपटॉप संस्थेचा आणि त्यावरील माहिती संस्थेच्या ग्राहकांची असते. राउटर बहुधा इंटरनेट सेवा कंपनीने बसवून दिलेला असतो आणि त्याच राउटरवर घरातला दूरचित्रवाणी संच, मुलांचा टॅब व दारावरचा कॅमेराही चालतो. यांपैकी एखाद्या दुव्यातून माहिती फुटली तर उत्तरदायी कोण? कायदा एकाकडे बोट दाखवतो, तर अनेक संस्थांची अंतर्गत धोरणपत्रके दुसऱ्याकडे. या विसंगतीचा भार आज कर्मचाऱ्याच्या खांद्यावर आहे.

निर्बंधांकडून मोकळीकीकडे

परिस्थिती नेहमीच अशी नव्हती. कॉल सेंटर आणि तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्यांना दूरसंचार विभाग 'अन्य सेवा पुरवठादार' या वर्गात मोजत असे. त्यांच्या कर्मचाऱ्याने घरून काम करायचे तर त्यासाठी सुरक्षा ठेव, आगाऊ कळवलेला पत्ता आणि परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घेतलेली व्हीपीएन जोडणी, अशा अटी होत्या. घर हे कार्यालयाचेच विस्तारित टोक मानले जात होते आणि त्या टोकाची नोंद सरकारदरबारी असे. या अटी जाचक होत्या यात शंका नाही. मात्र घरापर्यंतची जोडणी कोणाची, हा प्रश्न त्यांत अनुत्तरित राहत नव्हता.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या. २५ मार्चला देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा कित्येक कंपन्यांनी लॅपटॉप अपुरे पडल्याने टेबलावरचे संगणकसुद्धा कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचवले. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने नोंदणीची आणि सुरक्षा ठेवीची अट रद्द केली व जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल केले. विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांचा प्रश्न निराळा होता. तेथील लॅपटॉप शुल्कमुक्त असल्याने क्षेत्राबाहेर नेणे हाच नियमभंग ठरण्याचा संभव होता. जुलै २०२२ मध्ये नियम '४३ अ' आणून कर्मचाऱ्यांना ही उपकरणे शुल्क न भरता तात्पुरती घरी नेण्याची मुभा देण्यात आली. हिंजवडीपासून हैदराबादपर्यंतच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाला तिचा मोठा आधार झाला. याच काळात तारेवरच्या ब्रॉडबँडचा प्रसारही वेगाने झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार मार्च २०२० मध्ये असे ग्राहक सुमारे २ कोटी होते. २०२४ मध्ये त्यांची संख्या ४ कोटींवर गेली.

मोकळीक योग्यच होती. पण लॅपटॉप घरी नेता येईल का, शुल्क लागेल का, नोंदणी हवी का, याची उत्तरे देताना तो लॅपटॉप घरी ज्या जाळ्याला जोडला जाणार त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

मोहोरबंद थैली आणि उघडे दार

"आमच्याकडे व्हीपीएन आहे," हे संस्थांचे ठरलेले उत्तर. व्हीपीएन म्हणजे लॅपटॉपपासून कार्यालयापर्यंत जाणारी मोहोरबंद टपालाची थैली होय. घरच्या राउटरला थैली जाताना दिसते, आतली पत्रे वाचता येत नाहीत. हे संरक्षण खरे आहे, तरी ते रस्त्यापुरते आहे. थैली ज्या घरात भरली जाते त्या घराची दारे बंद आहेत की नाहीत, हे व्हीपीएन पाहत नाही. एकाच वाय-फायवरील उपकरणे एका चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी असतात. मधला दरवाजा लावलेला नसेल तर ती एकमेकांशी थेट बोलू शकतात. कॅमेऱ्यात किंवा जुन्या टीव्हीत एखादा घुसखोर प्रोग्रॅम शिरला, तर तो प्रथम शेजारची उपकरणे चाचपडून पाहतो. लॅपटॉपची स्वतःची फायरवॉल चालू असेल आणि घरचे जाळे त्यावर 'सार्वजनिक' म्हणून नोंदवलेले असेल, तर त्याचे फारसे बिघडत नाही. 'खासगी' हा पर्याय निवडल्यास लॅपटॉप शेजाऱ्यांना दिसू लागतो. घर खासगीच असते, म्हणून लोक तोच पर्याय निवडतात.

याहून मोठी अडचण सोयीतून निर्माण होते. व्हीपीएन सुरू केले की पुष्कळ ठिकाणी घरचा प्रिंटर दिसेनासा होतो. कारण बहुधा साधे असते. सुरक्षेसाठी संस्थेने स्थानिक उपकरणांशी संपर्क बंद ठेवलेला असतो, किंवा घरच्या राउटरने वाटलेले '१९२.१६८' ने सुरू होणारे पत्ते आणि कार्यालयातील पत्ते एकाच मालिकेतले निघतात व लॅपटॉपचा गोंधळ उडतो. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीचा कागद तर छापायचाच असतो. मग व्हीपीएन बंद केले जाते, फाइल स्वतःच्या मेलवर पाठवली जाते आणि घरच्या संगणकावरून छापली जाते. संस्थेने लाखो रुपये खर्चून उभारलेली तटबंदी अशा रीतीने एका प्रिंटरपायी ओलांडली जाते. यात कर्मचाऱ्याचा बेजबाबदारपणा शोधण्याऐवजी, घरून छपाईची सोय कशी होणार याचा विचार धोरण लिहिणाऱ्याने का केला नाही, हे विचारणे अधिक न्याय्य ठरेल.

राउटरची अवस्था तर अधिकच दुर्लक्षित असते. तो बसवणारा तंत्रज्ञ अनेकदा ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच वाय-फायचा पासवर्ड म्हणून ठेवून जातो. राउटरच्या आतील व्यवस्थेत शिरण्याचा पासवर्ड वेगळा असतो, तो कारखान्यातून आला तसाच राहतो. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या 'व्हीपीएनफिल्टर' या घातक प्रोग्रॅमने ५४ देशांतील किमान ५ लाख राउटर आणि साठवण उपकरणे ग्रासली होती. त्यात प्रामुख्याने घरगुती व लहान कार्यालयांतील राउटर होते. त्या वेळी अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आवाहन केले होते. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून घरगुती जोडउपकरणांवर सर्वांना एकच सहज ओळखता येणारा पासवर्ड ठेवण्यास कायद्याने बंदी घातली.

एका अभियंत्याचा संगणक

घरचे जाळे किती दूरवर परिणाम करू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण 'लास्टपास' या कंपनीचे आहे. ग्राहकांचे पासवर्ड सांभाळून ठेवणे हाच या कंपनीचा व्यवसाय. २०२२ मध्ये तिच्यावर दोन टप्प्यांत हल्ला झाला. साठवलेल्या माहितीच्या किल्ल्यांपर्यंत पोहोचू शकणारे केवळ चार अभियंते कंपनीत होते. हल्लेखोरांनी त्यांपैकी एकाचा घरचा संगणक गाठला. चित्रपट व संगीतासाठी त्या संगणकावर ठेवलेल्या 'प्लेक्स' या प्रोग्रॅममध्ये एक जुनी उणीव होती. तिच्यावरील दुरुस्ती मे २०२० मध्येच उपलब्ध झाली होती, पण या संगणकावर ती बसवलेली नव्हती. त्या वाटेने आत शिरून हल्लेखोरांनी कळफलकावर उमटणारी प्रत्येक अक्षरखूण टिपणारा प्रोग्रॅम पेरला, मुख्य पासवर्ड मिळवला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती पळवल्या. डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीच्या तेथील शाखेला सुमारे १२ लाख पौंड दंड केला.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. हा संगणक कंपनीचा नव्हता, अभियंत्याचा स्वतःचा होता. म्हणजे कार्यालयाने दिलेला आणि कार्यालयानेच सांभाळलेला लॅपटॉप घरच्या वाय-फायला जोडणे हा त्या मानाने अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. धोका वाढतो तो त्या लॅपटॉपवर काम अडते म्हणून घरच्या संगणकाचा आश्रय घेतला जातो तेव्हा. आणि दंड कोणाला झाला, तर कंपनीला.

भारतात मोठ्या कंपन्यांकडे निदान माहिती तंत्रज्ञान विभाग तरी असतो. सनदी लेखापालांची कार्यालये, पतसंस्था, लहान निर्यातदार यांच्याकडे तोही नसतो. हिशेबाचा संगणक घरून वापरता यावा म्हणून कार्यालयातील राउटरवर 'रिमोट डेस्कटॉप'चे दार थेट इंटरनेटच्या दिशेने उघडून ठेवणे, हा तेथील रूढ तोडगा. असे उघडे दार शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. खंडणीसाठी संगणक कुलूपबंद करणाऱ्या टोळ्यांचा हा आवडता प्रवेशमार्ग आहे.

घराचाही अधिकार

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे आणि तिची चर्चा कमी होते. कार्यालयाचा लॅपटॉप घरात आला की संस्थेची नजरही घरात येते. त्यावर कर्मचाऱ्याच्या हालचालींची नोंद ठेवणारे प्रोग्रॅम असू शकतात. संस्थेने आपले प्रमाणपत्र त्यावर बसवले असेल तर सुरक्षित भासणारी संकेतस्थळेही तिला तपासता येतात. हा तिचा हक्क आहे, कारण यंत्र तिचे आहे. पण त्याच लॅपटॉपवर मुलाने शाळेचा प्रकल्प केला किंवा आईच्या वैद्यकीय तपासण्यांचे अहवाल उघडले गेले, तर ती माहितीही त्याच नोंदीत जाऊ शकते.

जाळे घरमालकाच्या नावावर असल्याने पोलीस प्रथम त्याच्याच दारी येतात, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी दहशतवाद्यांनी पाठवलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या वाय-फायपर्यंत पोहोचला. असुरक्षित जोडणीचा दुसऱ्यानेच वापर केल्याचे तपासात पुढे आले. तोवर त्या गृहस्थाला बऱ्याच चौकशीला तोंड द्यावे लागले होते. त्यानंतर दूरसंचार विभागाने सेवा कंपन्यांना वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या.

यावरचा उपाय खर्चिक नाही. बहुतेक नव्या राउटरमध्ये 'अतिथी नेटवर्क'ची सोय असते. त्यावर लॅपटॉप एकटा ठेवला आणि टीव्ही, कॅमेरे मूळ जाळ्यावर राहू दिले, तर मधला दरवाजा लागतो. कार्यालयाला घर दिसत नाही आणि घरातील उपकरणांना कार्यालय दिसत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये घरगुती जाळ्यांविषयी दिलेल्या सूचनांमध्येही अशी विभागणी सुचवली होती. मात्र प्रिंटर मग दुसऱ्या बाजूला राहतो, हे आधीच सांगितलेले बरे. शिवाय सेवा कंपनीने काही राउटरमधील ही सोय ग्राहकापासून झाकून ठेवलेली असते. अशा वेळी संवेदनशील कामापुरता मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणे श्रेयस्कर.

उत्तरदायी कोण?

संस्थांनी घरचे जाळे सुरक्षित असल्याचे गृहीत धरणेच सोडले पाहिजे, हा विचार नवा नाही. २००९ च्या अखेरीस झालेल्या सायबर हल्ल्यानंतर गूगलने अंतर्गत जाळ्यावर असणे म्हणजेच विश्वासार्ह असणे हे समीकरण मोडीत काढण्यास सुरुवात केली. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये त्याच धर्तीची संहिता प्रसिद्ध केली. कर्मचारी कोठून आला आहे यापेक्षा तो कोण आहे, यंत्र निरोगी आहे का, हे प्रत्येक वेळी तपासायचे, असे तिचे सूत्र. येथे खर्च संस्थेने करायचा असतो. म्हणूनच कर्मचाऱ्याकडून 'माझे घरचे जाळे सुरक्षित आहे' अशा हमीपत्रावर सही घेणे अधिक सोपे वाटते. ज्याला राउटरच्या आत शिरण्याचा पासवर्डही ठाऊक नाही, त्याच्या या सहीला काय अर्थ आहे?

पोर्तुगालने जानेवारी २०२२ पासून घरून कामाचा वाढीव वीज व इंटरनेट खर्च मालकावर टाकला. आपल्याकडे तसे बंधन नाही. परंतु वैयक्तिक माहितीच्या रक्षणाची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने निःसंदिग्धपणे ती माहिती हाताळणाऱ्या संस्थेवर ठेवली आहे. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तेव्हा मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी संस्थांना १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला. कर्मचाऱ्याची सही दाखवून या दंडातून सुटका होईल असे कायद्याच्या शब्दांवरून वाटत नाही.

त्यातच 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. घटना सर्वप्रथम ज्याला जाणवते तो बहुधा घरी बसलेला कर्मचारी असतो. लॅपटॉप अचानक मंदावतो, अनोळखी खिडकी उघडते, पासवर्ड चालेनासा होतो. हमीपत्रावर सही करून बसलेला माणूस अशा वेळी रात्री अकरा वाजता वरिष्ठांना दूरध्वनी करील, की लॅपटॉप बंद करून सकाळची वाट पाहील? सकाळपर्यंत ते ६ तास उलटून गेलेले असतात.