जातीवर शिकवण्याचा हक्क कुणाचा?

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मी पीएचडी करते. गेलं वर्षभर पहिल्या वर्षाच्या मुलांना समाजशास्त्र शिकवलं. आठव्या आठवड्याचा विषय होता जात. वाचनाच्या यादीत लुई द्युमाँ होते, एम. एन. श्रीनिवास होते. बाबासाहेब नव्हते. मी त्यांचा 'भारतातील जाती' हा निबंध यादीला जोडला आणि तासाच्या सुरुवातीलाच सांगितलं, मी दलित आहे, नांदेड जिल्ह्यातल्या एका भीमनगरातून आले आहे.

आठवडाभरात विभागाकडे तक्रार गेली. तक्रार इंग्रज मुलांची नव्हती, दोन भारतीय मुलांची होती. शिकवणारी पूर्वग्रहदूषित आहे म्हणे. मला सौम्य शब्दांत विचारण्यात आलं, वैयक्तिक अनुभव थोडा बाजूला ठेवता येईल का?

आता श्रीनिवासांचंच घ्या. म्हैसूरजवळच्या रामपुऱ्यात ते ब्राह्मण म्हणून राहिले, वावरले. आपल्याला गाव उच्चजातीयांच्या नजरेतून दिसलं, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं आहे. तरी त्यांचं लिखाण जगभर समाजशास्त्र म्हणून शिकवलं जातं. मी पाहिलेलं, सोसलेलं सांगितलं की तो मात्र 'वैयक्तिक अनुभव' होतो. सवर्णाची नजर म्हणजे ज्ञान आणि आपली नजर म्हणजे तक्रार, ही वाटणी परदेशातही शाबूत आहे.

विमानात बसलं की जात मागे राहते, असं मलाही वाटायचं. पहिले दोन महिने खरंच हलकं वाटलं. घरमालकीणबाईंना माझं आडनाव नीट उच्चारता येत नव्हतं, मग त्यावरून त्या काय ओळखणार? ओळखायला आले ते आपल्याच देशाचे लोक. दिवाळीच्या जेवणात पहिला प्रश्न, गाव कुठलं? दुसरा, पूर्ण नाव काय? तिसरा, नॉनव्हेज खाता का? त्या रात्री मी आडनाव गिळलं. त्याची लाज अजून जात नाही. वर्गात बोलले ती याच लाजेपोटी.

ब्रिटनच्या कायद्याकडे दाद मागावी, तर तिथेही हीच कथा. 2010 च्या समानता कायद्यात जात हा शब्द थेट नाही. 2013 मध्ये तिथल्या संसदेने सरकारवर तो घालण्याची जबाबदारी टाकली. काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. 2018 मध्ये सरकारने जाहीर केलं की कायदा बदलणार नाही, न्यायालयांचे निवाडे पुरेसे आहेत. म्हणजे अन्याय झालेल्याने आधी कोर्टात जाऊन आपली जात सिद्ध करावी आणि मग न्याय मागावा.

पण सगळा दोष परदेशाच्या माथी मारू नका. खरं दार आपल्याच सरकारने बंद केलं आहे. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती 1954-55 पासून सुरू आहे. वर्षाला 125 जागा, त्यातल्या 115 अनुसूचित जातींच्या. 2022-23 च्या नियमावलीत एक अट घुसवली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतीय समाजावरच्या अभ्यासासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. सरकारचं म्हणणं, हे शिकायला परदेशात जायची गरज नाही.

गरज नाही? 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते तिथे गेले होते. त्या शिष्यवृत्तीला आजची अट असती, तर? श्रीधर व्यंकटेश केतकरांनी त्याआधीच अमेरिकेत, कॉर्नेलमध्ये राहून जातीवर अभ्यास केला होता. आजही ज्याच्या बापाकडे पैसा आहे, तो परदेशात जाऊन जातीवर खुशाल संशोधन करेल, प्राध्यापक होईल आणि आपल्यावर पुस्तकं लिहील. अडवलं जाईल ते फक्त सरकारी मदतीवाचून जाऊ न शकणाऱ्या आपल्या मुलामुलींना. माझं शिक्षण त्या विद्यापीठाच्याच पैशावर चाललं आहे, म्हणून मी वाचले.

आपल्यातलेही काही जण म्हणतात, इतकं लांब जाऊन पुन्हा जातच कशाला? इंजिनिअरिंग करा, डेटा सायन्स करा, पैसा कमवा. जरूर करा. घरात पहिल्यांदा पदवी आली की तिच्यावर किती जणांचं पोट अवलंबून असतं, हे मला कुणी सांगायला नको. मी स्वतः दर महिन्याला घरी पैसे पाठवते. पण विषय आपण निवडणं वेगळं आणि सरकारने तो आपल्या हातातून काढून घेणं वेगळं. आपण डॉक्टर झालो तर चालतं, जातीचे अभ्यासक झालो तर चालत नाही. का, याचा विचार करा.

म्हणून पहिली मागणी साधी आहे: ती अट काढा. आपापल्या खासदाराला पत्र लिहा, विद्यार्थी संघटनांच्या मागण्यांत हा मुद्दा घाला. दुसरं काम आपलं आहे. जे बाहेर पोहोचलो, त्यांनी मागून येणाऱ्यांचे अर्ज वाचावेत, निवेदनं दुरुस्त करून द्यावीत, आणि वाचनाच्या यादीत काय आहे ते विचारावं.

मी विचारलं. तक्रारीच्या चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. यंदाच्या छापील यादीत 1916 चा तो निबंध आहे, आणि आठव्या आठवड्याला पुन्हा मीच शिकवणार आहे.

जय भीम.