भाडेकरूला ‘नाही’ म्हणताना

गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे आलेल्या पत्रांत एक पत्र मानपूरहून आले आहे. आमच्या पुष्कळ वाचकांना हे गाव ठाऊक नसेल. इंदूर जिल्ह्यात, महूच्या पुढे, आग्रा-मुंबई महामार्गावर ते वसलेले आहे. माळव्याचे पठार तेथे संपत येते आणि रस्ता घाट उतरून निमाडात, नर्मदेच्या दिशेने जातो. होळकरांच्या काळापासून माळव्यात मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. पत्र लिहिणाऱ्या भगिनी अशाच एका कुटुंबातील असून त्यांनी आपले नाव छापू नये अशी विनंती केली आहे.

त्यांचे यजमान सहा वर्षांपूर्वी निवर्तले. मागे राहिले ते रस्त्याकाठचे चार खोल्यांचे घर. पुढच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या आहेत आणि त्या भाड्यावर औषधपाणी व धाकट्या मुलीचे शिक्षण चालते. भाडेकरू कुटुंब सज्जन आहे, भाडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते, भांडण म्हणून नाही. परंतु मागणे संपत नाही. पहिल्या उन्हाळ्यात कूलर बसविण्यासाठी खिडकीचा एक गज काढून हवा होता. तो काढून दिला. पुढे पाण्याची दुसरी टाकी हवी झाली, ती बसविली. मग एक भाचा परीक्षेसाठी म्हणून आला आणि तीन महिने राहिला. त्यानंतर गरम पाण्याचा गिझर आला, नंतर भिंतींना मनाजोगता रंग. आता ओसरीवर त्यांची मोटार उभी करावयाची आहे आणि त्यासाठी यजमानांनी लावलेली मोगऱ्याची जाळी काढावयाची आहे. बाईंनी हिशेब मांडून पाहिला, तेव्हा गतवर्षीच्या भाड्यापैकी चार महिन्यांचे भाडे त्याच दोन खोल्यांवर खर्ची पडल्याचे दिसून आले. पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीस असलेले त्यांचे चिरंजीव म्हणतात, “आई, टाकीखालचा कॉक बंद कर. आठ दिवसांत सरळ येतील.” आणि बाई आम्हांस विचारतात, “नाही म्हटले तर शेजारधर्म बुडतो आणि हो म्हटले तर घर बुडते. मी काय करावे?”

चिरंजीवांच्या सल्ल्याचे उत्तर प्रथम देणे भाग आहे, कारण ते सर्वांत सोपे आहे. कॉक बंद करू नये. पाणी अथवा वीज तोडून भाडेकरूला वठणीवर आणण्याची तऱ्हा जुनी आहे, आणि कायदे करणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. मध्यप्रदेशाच्या 1961 च्या भाडेविषयक कायद्यात तिला मनाई आहे, महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्याच्या 29 व्या कलमात आहे, आणि केंद्र सरकारने 2021 साली राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही आहे. यांपैकी कोणता कायदा आपल्या गावी लागू होतो हे महूच्या एखाद्या वकिलास विचारता येईल. परंतु पाणी तोडणे कोठेच खपत नाही, हे गृहीत धरून चालावे. शिवाय माळव्यात पाण्याची किंमत काय, हे आम्ही सांगावयास नको. इंदूर शहराला नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी पठारावर चढवून आणावे लागते. ज्या प्रदेशात पाणी असे मिळवावे लागते, तेथे ते शिक्षा म्हणून बंद करणे ही साधी कुरबूर राहत नाही.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. त्यांच्या पत्रातील सर्व मागण्या एका ओळीत आल्या आहेत, आणि आमच्या मते घोटाळा तेथेच आहे. त्या सर्व एका जातीच्या नाहीत. काही गोष्टी घरमालकाने द्यावयाच्याच असतात. भाडे घेतले की ते ऋण झाले. काही गोष्टी तो दिल्या तर देतो. ती सवलत झाली. ऋण आणि सवलत यांची सरमिसळ झाली म्हणजे घरमालकाला प्रत्येक ‘हो’ म्हणजे उपकार वाटू लागतो आणि भाडेकरूला प्रत्येक ‘नाही’ म्हणजे अन्याय.

ऋण कोणते हे ठरविण्यास वर सांगितलेल्या 2021 च्या आदर्श कायद्याचे दुसरे परिशिष्ट उपयोगी पडते. राज्याने तो स्वीकारला नसेल तर तो बंधनकारक नाही, तरी माप म्हणून चांगला आहे. करारात निराळे काही ठरले नसेल तर घराच्या बांधणीची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, पाण्याचे नळ घालणे व बदलणे आणि विजेच्या तारांचे काम ही त्यात मालकाकडे दिली आहेत. तोट्या व त्यांचे वायसर, मोरीची सफाई, विजेची बटणे, कड्याकुलुपे, खिडकीची फुटलेली काच, गिझरची दुरुस्ती ही भाडेकरूकडे आहेत. बाईंनी आपली यादी या मापाने पुन्हा वाचावी. सफेदी हे त्यांचे ऋण होते. मनाजोगता रंग ही सवलत होती. पहिली टाकी दोन खोल्यांस पुरत नसेल तर दुसरी बसविणे योग्यच झाले. नवा गिझर ही निव्वळ सवलत, आणि तो बिघडला तर दुरुस्ती कोणाची हेही त्याच वेळी बोलून घ्यावयास हवे होते. मोगऱ्याच्या जाळीविषयी परिशिष्टाकडे जाण्याचे कारणच नाही. ओसरी भाड्यात दिलेली नव्हती.

येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावयास बरे वाटत नाही, पण सांगितल्यावाचून पुढचे सांगण्याचा अधिकार आम्हांला पोहोचत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी वसईकडील आमच्या घरामागच्या दोन कौलारू खोल्या आम्ही एका कुटुंबास दिल्या होत्या. गृहस्थ सुतारकाम करीत. बाई एका दुकानासाठी घरी शिवण शिवीत. गृहस्थांना मागण्याची सवय होती. आज शिडी, उद्या चार खिळे, परवा फळी, झोपाळ्यासाठी तुळईला कडी, कामाची लाकडे ठेवावयास पडवी. आम्ही पाच गोष्टी दिल्या, सहावीच्या वेळी तोंड फिरविले, आणि सातवीपासून ते दारात दिसले की आमच्या कपाळास आठी पडू लागली. त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याचेही आम्ही सोडले होते. ऑगस्ट महिन्यात ते एकदा दारात आले आणि म्हणाले की खाटेमागची भिंत ओली होत आहे, वर एखादे कौल सरकले असावे. आम्ही म्हणालो, “पाहू.” आणि पाहिले नाही. ही त्यांची आणखी एक मागणी, असेच आम्हांला वाटले. सप्टेंबरात कळले की त्या भिंतीशी ठेवलेल्या शिवणाच्या गठ्ठ्याला बुरशी लागली आणि दुकानदाराने कापडाची किंमत बाईंच्या मजुरीतून कापून घेतली. आम्ही भरपाई देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. दिवाळीनंतर त्यांनी बिऱ्हाड हलविले. खोल्या झाडून दिल्या, किल्ल्या दिल्या, आणि आमच्याकडून वेळोवेळी नेलेल्या खिळ्यांपैकी उरलेले खिळे कागदाच्या पुडीत बांधून आमच्या हातावर ठेवले.

ती पुडी अद्याप आमच्या घरी आहे.

महाराष्ट्राच्या कायद्याचे 14 वे कलम आम्ही त्यानंतर वाचले. भाड्याची जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक नाही. मालकाने दुरुस्तीकडे दुर्लक्ष केल्यास नोटिशीनंतर ती करून खर्च वळता करण्याची मुभा 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही आहे. आमच्या सुतारांना हे ठाऊक नसावे. ठाऊक असते तरी त्यांनी नोटीस पाठविली असती असे वाटत नाही. वारंवार मागणारा मनुष्य हक्काचेही मागण्याच्याच सुरात मागतो, आणि आपण सुरालाच कंटाळलेले असतो.

म्हणून मानपूरच्या भगिनींस आमचे पहिले सांगणे असे की मोटारीला नकार देण्याआधी एकदा त्या दोन खोल्यांतून फिरून यावे. अगोदर दिवस व वेळ कळवून जावे. आदर्श कायदाही मालकाने चोवीस तास आधी सूचना देऊनच आत जावे असे म्हणतो. छत गळते का, तारा उघड्या पडल्या आहेत का, काढलेल्या गजाच्या जागी खिडकी धड बंद होते का, ते पाहावे, आणि जे ऋण असेल ते त्याच महिन्यात फेडावे. मग ‘नाही’ म्हणताना जीभ अडखळत नाही.

आता तो ‘नाही’ कसा म्हणावा? आपल्याकडे सामान्यतः तो सबबीत गुंडाळून देण्याची पद्धत आहे. बाईंनीही तेच केले. मोटारीचा विषय प्रथम निघाला तेव्हा त्या म्हणाल्या की आमचे दीर उज्जैनहून यावयाचे आहेत, त्यांची गाडी तेथे राहील. दीर आले नाहीत. आता दर रविवारी भाडेकरूची पत्नी आपुलकीने विचारते, “काकीजी, दीर कधी येणार?” आणि बाईंना तोंड लपवावे लागते. सबब ही मुदतीची हुंडी आहे. ती केव्हातरी वटवावी लागते. त्यापेक्षा सरळ सांगावे: “ओसरी भाड्यात नव्हती आणि ती मी देणार नाही. जाळी माझ्या यजमानांनी लावलेली आहे.” एवढे पुरे. तिसरे वाक्य जोडले की वाद सुरू होतो. हे उत्तर मागणी आली त्याच दिवशी द्यावे. “पाहू”, “विचार करू”, “पोराला विचारते” यांनी माणूस आशेवर राहतो आणि मग नकार दुप्पट लागतो. उत्तर आपणच द्यावे, मुलाकरवी देववू नये. सौम्य आवाजात द्यावे, पण क्षमा मागत देऊ नये, कारण येथे क्षमेचे काही कारण घडलेले नाही.

मागणाऱ्याविषयीही दोन शब्द लिहावेत असे वाटते. परक्या घरी राहणाऱ्याला खिळा ठोकावयाचा तरी परवानगी लागते. जे आपण आपल्या घरात न बोलता करतो ते त्याला बोलून दाखवावे लागते. म्हणून तो सदा मागतच असतो असा भास होतो. संत पौल रोम शहरी दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरीस लिहिले आहे, आणि त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता मोठा होता. घरमालकाने त्याविषयी काही तक्रार केली की काय, याची नोंद ग्रंथकर्त्याने ठेवलेली नाही.

जे देऊन झाले ते मात्र परत घेऊ नये. गिझर राहू द्यावा, टाकी राहू द्यावी. भाच्याचे निराळे आहे. तो पुन्हा येणार असेल तर किती दिवस, हे आधी ठरवावे आणि तारीख सांगून ठरवावे. भाडे उशिरा देण्याची विनंती आल्यास तीही तारखेनिशी मान्य करावी अथवा अमान्य करावी. आजारपण, बाळंतपण, नोकरी जाणे अशा प्रसंगी सवलत देण्यास आमचा मुळीच विरोध नाही. उलट अशा वेळी देता यावे म्हणूनच एरवीच्या हौशीमौजेस नकार द्यावयाचा असतो. चार महिन्यांचे भाडे रंगात आणि गिझरात गेलेल्या बाईंपाशी खरा अडलेला मनुष्य आला तर त्याला द्यावयास काय उरले?

राहता राहिले कागदाचे. बाईंचा व्यवहार चार वर्षे तोंडीच आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे 1908 च्या नोंदणी कायद्याने आवश्यक केले. त्यातून अकरा महिन्यांच्या कराराची रूढी पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट नाही. आमच्या वसईकर वाचकांनी 1999 च्या कायद्याचे 55 वे कलम अवश्य वाचावे. करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदलेला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ओसरी भाड्यात होती असे उद्या कोणी म्हटले, तर नाही म्हणणाऱ्याने पुरावा कोठून आणावा?

तेव्हा मानपूरच्या भगिनींनी पुढच्या महिन्यात दोन्ही कुटुंबांनी एकत्र बसून कागद करावा. कोणत्या खोल्या, किती माणसे, पाणी किती वेळ, विजेचे बिल कोणाचे, कोणती दुरुस्ती कोणाची, आणि भाडे किती. ते चार वर्षांत वाढलेले नाही, हेही त्याच बैठकीत शांतपणे काढावे. ओसरी आणि मोगरा यांचा कागदात नावानिशी उल्लेख करावा. चिरंजीवांना साक्षीदार म्हणून बसवावे. सही करण्यात ते गुंतलेले बरे. आणि टाकीखालच्या कॉकाची मूठ तूर्त काढून आपल्या कपाटात ठेवावी.