बिनकिल्लेकोटाचा डाव

राजाला किल्लेकोट करूच दिला नाही तर? 2020 साली माजी जगज्जेता व्लादिमीर क्रॅमनिक आणि डीपमाइंडच्या संशोधकांनी असे नऊ नियमबदल 'अल्फाझीरो' या प्रोग्रामकडून खेळवून पाहिले. कौतुक झाले. आपल्या देशी डावात किल्लेकोट मुळी नव्हताच, हे मात्र फारसे कुणाला आठवले नाही.

त्या डावात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मिळे, तीही शह बसण्याआधी. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरके आणि शेवटच्या घरात पोहोचले की त्या उभ्या पट्टीत सुरुवातीला असणारेच मोहरे होई. समोर नुसता राजा उरला तर 'बुर्जी', म्हणजे अर्धाच विजय. म्हणून जिंकणारा शत्रूचे एखादे मोहरे जपून ठेवी! एवढी खट्याळ अट आजच्या खेळात कुठे आहे?

1814 मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्रींनी 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथातले डाव युरोपीय नियमांना जुळवून मुंबईत इंग्रजीतून छापले. नव्या पद्धतीचे बुद्धिबळ रचणारा प्रोग्रामर आज हेच करतो. सतराव्या शतकातल्या 'नीतिमयूख' या ग्रंथातही बुद्धिबळ आहे, आणि तो लिहिणाऱ्या नीळकंठ भट्टांचे काशीतले घराणे मूळचे आपल्या पैठणचे.

तरी मराठवाड्यात बुद्धिबळ म्हटले की स्पर्धा, रेटिंग आणि करंडक. परीक्षांच्या तयारीच्या लातूर पॅटर्नने ठरलेल्या प्रश्नाला अचूक उत्तर द्यायला शिकवले, ते काही कमी नाही. पण खेळ रचणाऱ्याला प्रश्नच स्वतः घालावा लागतो. नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी हजेरीचे आणखी एक ॲप करण्याऐवजी हा देशी डाव प्रकल्पाला घ्यावा.

साधने फुकट आहेत. 'फेअरी-स्टॉकफिश' या मुक्त प्रोग्रामला कितीतरी खेळांचे नियम साध्या मजकुराच्या फाइलीतून सांगता येतात. कंबोडियाचे बुद्धिबळ त्यात आधीच आहे आणि तिथला राजाही सुरुवातीला अशीच उडी मारतो. बुर्जी आणि पट्टीची बढती यांसाठी डोके चालवावे लागेल. त्याआधी जुन्या खेळाडूंना गाठून नियम टिपायला हवेत, कारण उडी मारताना राजाने मोहरे मारायचे की नाही, असल्या बारकाव्यांवर प्रोग्राम अडून बसतो.