मिरचीतील अफ्लाटॉक्सिन : तपासणी प्रयोगशाळेत, बचाव खळ्यावर

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्न सुरक्षा यंत्रणेला काही भारतीय तयार मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळले. पाठोपाठ सिंगापूरनेही एक मसाला बाजारातून परत घ्यायला लावला. ही बातमी कंपन्यांची वाटली, तरी तिचा संबंध तुमच्या खळ्याशी आहे.

इथिलीन ऑक्साइड हा मालातील जिवाणू व बुरशी मारणारा वायू असून तो कर्करोगकारक आहे. माल ओलसर आणि अस्वच्छ असेल, तर अशा निर्जंतुकीकरणाची गरज वाढते. शिवाय बुरशी मेली, तरी तिने आधी तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष मालातच राहते. भाजून किंवा तळूनही ते पूर्णपणे नष्ट होत नाही.

पोटात किती जाते?

‘तिखट चिमूटभरच खातो, त्याने काय होते?’ असे आपण म्हणतो. हिशेब करून पाहा. युरोपीय संघात सुक्या मिरचीसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे. समजा, तिखटात नेमके तेवढेच आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने रोज ५ ग्रॅम तिखट खाल्ले, तर दर किलो वजनामागे सुमारे ०.८ नॅनोग्रॅम विष जाते. १५ किलोच्या मुलाने निम्मेच तिखट खाल्ले, तरी त्याच्या वाट्याला सुमारे १.७ नॅनोग्रॅम, म्हणजे दुप्पट येते. त्यात शेंगदाणे, मक्यातून येणारे अफ्लाटॉक्सिन वेगळेच. आपल्याकडे वर्षाचे तिखट उन्हाळ्यात एकदाच कुटतात. खराब मिरची त्यात गेली, तर ती वर्षभर ताटात येत राहते.

काय करावे?

नंदुरबारच्या पथारींवर अवकाळी पाऊस झाला, की मिरची भिजते आणि बुरशीला वाव मिळतो. म्हणून,

- मिरची थेट मातीवर न पसरता ताडपत्री किंवा सिमेंटच्या खळ्यावर पातळ थरात वाळवावी. रात्री झाकावी.
- ओलावा १० ते ११ टक्क्यांपर्यंत आल्यावरच पोती भरावीत. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत.
- पांढरी पडलेली, फुटकी, काळपट फळे वेचून नष्ट करावीत. ती स्वस्तात विकू नयेत आणि घरच्या तिखटातही घालू नयेत.
- विष सगळ्या मालात सारखे पसरलेले नसते. तपासणीसाठी अनेक पोत्यांतून थोडी थोडी मिरची घेऊन एकत्र नमुना करावा.

प्रयोगशाळा दोष फक्त दाखवते. तो टाळण्याची संधी वाळवणीच्या दिवसांतच असते.