खर्जाच्या जुन्या तारा

१९४९ साली मेहबूब खान यांचा ‘अंदाज’ पडद्यावर आला आणि दिवाणखान्यातला पियानो घरोघरच्या बोलण्यात आला. आपल्या उपनगरांत मात्र हे वाद्य पडद्याबाहेरही नांदले. अंधेरीकडच्या आंबोली-मरोळच्या गावठाणांत एखाद्या ईस्ट इंडियन किंवा गोवेकर घरी आजोबांच्या वेळचा पियानो अजून भिंतीशी उभा दिसेल. दिवाळीच्या आवराआवरीत त्याचे झाकण उघडावे, तर खर्जाच्या पट्ट्या ‘धब्ब’ म्हणून गप्प बसतात. मग कोणी म्हणते, ‘द्या भंगारात’. कोणी म्हणते, ‘सगळ्या तारा बदला.’ वाचकहो, जरा थांबा.

खर्जाची तार म्हणजे पोलादी तारेवर घट्ट गुंडाळलेले तांबे. तांब्यामुळे तार जड होते, पण ताठर होत नाही. म्हणून बेताच्या लांबीतही ती खोल बोलते. मुंबईच्या दमट हवेत या वेढ्यांत धूळ आणि गंज साचला, की तारेची आस जाते.

जाणता कारागीर अशी तार सैल करून खिळ्यावरून सोडवतो. तिला वळसा देऊन तो वळसा तारभर वरखाली फिरवतो. आतला मळ झडतो. मग वेढ्यांच्याच दिशेने एखादा पीळ देऊन ती पुन्हा चढवतो. पुष्कळदा तेवढ्याने तार बोलू लागते. खुंटीजवळच्या उघड्या भागात तुटलेली तारही नव्या पोलादी तारेची गाठ मारून वाचवता येते. शिवाय जुनी तार ताणून स्थिरावलेली असते; नवी काही महिने उतरत राहते आणि पियानो लावणाऱ्याला पुन्हा पुन्हा बोलवावे लागते.

मात्र जिचे पोलादच गंजाने खाल्ले, किंवा पीळ देऊनही जिचे वेढे झणझणतात, तिचा मोह धरू नये. एका सुराला दोन तारा असतील तर जोडीच बदलावी. एक जुनी, एक नवी, यांचे सहसा जमत नाही. काढलेली तार तरीही फेकू नका. तिच्याच मापावर नवी वळून घेता येते.

हा उद्योग घरच्या पकडीने मात्र करू नये. सगळ्या तारांचा ताण मिळून १५ ते २० टनांच्या घरात जातो, आणि सुटलेली तार डोळ्यावर बसू शकते.

तेव्हा आधी साफ करून पाहावे, मग बदलावे. भंगारवाला काय, दिवाळीनंतरही दारावरून जाणारच आहे!