विश्लेषण : लिव्हरपूलकर स्वतःला ‘इंग्लिश’ऐवजी ‘स्काउसर’ का म्हणवतात?

१४ मे २०२२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए चषकाच्या अंतिम सामन्याआधी ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजू लागले आणि लिव्हरपूलच्या समर्थकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी ६ मे रोजी, राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, लिव्हरपूलच्या घरच्या अॅनफिल्ड मैदानावरही तेच घडले. दोन्ही वेळा टीकेची झोड उठली. याच समर्थकांमध्ये ‘आम्ही स्काउस, इंग्लिश नव्हे’ अशा अर्थाचे फलक वर्षानुवर्षे दिसतात. शहर इंग्लंडमध्ये, पासपोर्ट ब्रिटिश, मग हा दुरावा कशातून आला?

‘स्काउस’ हा शब्द आला कुठून?

मुळात हे एका जेवणाचे नाव. मांस, बटाटे, कांदा आणि कडक बिस्किटांचा चुरा घालून केलेला ‘लॉबस्काउस’ नावाचा रस्सा उत्तर युरोपातील खलाशी खात. नॉर्वेत ‘लापस्काउस’ आणि उत्तर जर्मनीत ‘लाब्सकाउस’ आजही मिळते. लिव्हरपूल बंदरात हा स्वस्त रस्सा गोरगरिबांचे रोजचे अन्न झाला. मांस परवडत नसेल, तर त्याविना केलेल्या रश्शाला ‘ब्लाइंड स्काउस’, म्हणजे आंधळे स्काउस, म्हणत. हा रस्सा खाणारे ते स्काउसर. सुरुवातीला त्यात हेटाळणीचा सूर होता. विसाव्या शतकात मात्र शहराने हाच शब्द अभिमानाने मिरवायला सुरुवात केली. आज ‘स्काउस’ म्हणजे रस्सा, तिथली बोली आणि तिथली ओळख असे तिन्ही. औपचारिक लेखनात ‘लिव्हरपुडलियन’ हा शब्द वापरतात.

हे शहर बाकी इंग्लंडहून वेगळे कसे?

लिव्हरपूल वाढले ते समुद्रावर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ब्रिटनमधील गुलामांच्या व्यापाराचे सर्वात मोठे बंदर होते. पुढे कापसाने शहराला श्रीमंती दिली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस थांबला, तेव्हा मुंबईचा कापूस लिव्हरपूलच्याच बाजारात चढ्या भावाने विकला जात होता.

वेगळेपणाचे मोठे कारण मात्र आयर्लंड. १८४५ नंतरच्या बटाटा दुष्काळात लाखो आयरिश लोक या बंदरात उतरले. त्यातले अनेक अमेरिकेला गेले, बाकीचे इथेच राहिले. १८५१च्या जनगणनेत शहरातील सुमारे २२ टक्के रहिवासी आयर्लंडमध्ये जन्मलेले होते. लिव्हरपूलमधील एका मतदारसंघाने १८८५ ते १९२९ अशी तब्बल ४४ वर्षे टी. पी. ओकॉनर या आयरिश राष्ट्रवादी नेत्याला संसदेत पाठवले. वेल्श, स्कॅन्डिनेव्हियन, चिनी आणि आफ्रिकी वंशाचे लोकही इथे स्थिरावले. या सरमिसळीतून, विशेषतः आयरिश प्रभावातून, शेजारच्या लँकेशरपेक्षा अगदी वेगळा हेल असलेली बोली तयार झाली.

दुरावा कधी वाढला?

कंटेनर वाहतूक आली, ब्रिटनचा व्यापार युरोपकडे वळला आणि पश्चिम किनाऱ्यावरील लिव्हरपूल मागे पडले. गोद्या आणि कारखाने बंद झाले. १९३१ मध्ये साडेआठ लाख असलेली लोकसंख्या २००१ पर्यंत निम्म्यावर आली. जुलै १९८१ मध्ये टॉक्सटेथ भागात दंगली पेटल्या. त्यानंतर अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्यापुढे, या शहरावर पैसे खर्च करण्याऐवजी ‘नियोजित ऱ्हासा’चा पर्याय विचारात घ्यावा, असे सुचवले होते. ते धोरण म्हणून स्वीकारले गेले नाही. पण ३० वर्षांनी कागदपत्रे खुली झाली, तेव्हा सरकार आपल्याला वाऱ्यावर सोडायला निघाले होते, ही शहराची जुनी शंका कागदावरच सापडली.

हिल्सबरोचा संबंध काय?

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यात लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचा बळी गेला. त्यांतील शेवटचा मृत्यू २०२१ मध्ये झाला. पोलिसांनी दोष समर्थकांच्या माथी मारला. ‘द सन’ने चार दिवसांनी हेच आरोप ‘सत्य’ अशा मथळ्याखाली छापले. तेव्हापासून लिव्हरपूलमध्ये या वृत्तपत्रावर बहिष्कार आहे. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने पोलिसांची लपवाछपवी उघड केली आणि २०१६ मध्ये ज्युरीने हे मृत्यू बेकायदा कृतीमुळे झाल्याचा निर्णय दिला. त्यासाठी कुटुंबांना २७ वर्षे झगडावे लागले.

दरम्यान २००४ मध्ये ‘द स्पेक्टेटर’ने अग्रलेखात लिव्हरपूलकर स्वतःला सदैव पीडित समजतात अशी टीका केली आणि हिल्सबरोचा दोष पुन्हा समर्थकांवर टाकला. संपादक होते बोरिस जॉन्सन. त्यांना शहरात येऊन माफी मागावी लागली. वेम्बलीवर राष्ट्रगीताची हुर्यो उडाली, तेव्हा तेच पंतप्रधान होते. समर्थकांच्या दृष्टीने हुर्यो गीतापेक्षा त्यामागच्या व्यवस्थेची होती.

मग खरा स्काउसर कोण?

यावर शहरातच वाद आहे. मर्सी नदीपलीकडच्या विरलमधील लोकांनी स्वतःला स्काउसर म्हणवले, तर त्यांना ‘प्लास्टिक स्काउसर’ म्हणून चिडवले जाते. आसपासच्या गावांतल्यांसाठी ‘वूल’ हा शब्द आहे. प्रत्येक लिव्हरपूलकर राष्ट्रगीताला विरोध करतो, असेही नाही. टॉक्सटेथमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीयांना या ओळखीत बरोबरीचे स्थान सहज मिळाले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये स्थलांतरितविरोधी दंगलीत वॉल्टन भागातील वाचनालय जाळले गेले आणि सर्वांना सामावून घेणारे शहर या प्रतिमेला तडा गेला. त्याच वाचनालयासाठी लोकांनी भरघोस मदत केली आणि वर्ष संपण्याआधी ते पुन्हा उघडले.

ही केवळ भावनिक बाब आहे का?

तसे नाही. २०१६च्या ब्रेग्झिट सार्वमतात इंग्लंडने ५३ टक्के मतांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. लिव्हरपूलमध्ये ५८ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. हिल्सबरोच्या लढ्यातून पुढे आलेले, सरकारी अधिकाऱ्यांवर खरे बोलण्याचे कायदेशीर बंधन घालणारे विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडले गेले. एका शहराने टिकवून धरलेला अविश्वास अशा रीतीने साऱ्या देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचला. राष्ट्रगीतावरची हुर्यो मात्र त्याने लगेच थांबेल, असे नाही.