भिंतीवरचा कास्तकार

मेक्सिकोचे थोर भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा यांचा जन्म 8 डिसेंबर 1886 चा. याच महिन्याच्या 27 तारखेला वऱ्हाड डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती साजरी करतो. या दोन नावांच्या मध्ये एक तिसरे नाव उभे आहे. अमरावती जिल्ह्याची हद्द सांगणारी वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या वर्ध्याचे ते सुपुत्र, डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

स्वातंत्र्याच्या ध्यासाने तरुणपणीच देश सोडलेले खानखोजे जपान, अमेरिका, गदर पक्ष आणि पहिल्या महायुद्धातला इराण असे सारे पार करून 1924 साली मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. रिवेरा या शाळांचे पाठीराखे होते. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 1928 मध्ये त्यांनी ‘आमची भाकर’ म्हणता येईल असे चित्र रंगवले. मेजाभोवती कष्टकरी बसले आहेत, आणि सर्वांसाठी पाव मोडणाऱ्या माणसाला रिवेरांनी खानखोजेंचा चेहरा दिला. त्या देशाने आपली भाकर वाटण्याचा मान विदर्भाच्या माणसाला दिला, आणि इथल्या किती शाळकरी मुलांना ते ठाऊक आहे?

रिवेरांचे सर्वांत मोठे काम, आमच्या मते, चापिंगोतच आहे. जुन्या जमीनदारी वाड्यातील प्रार्थनागृह कृषी विद्यालयाचे सभागृह झाले. तिथे त्यांनी मातीची आणि क्रांतीची कथा रंगवली. त्यातल्या एका चित्रात शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो सापाता आणि त्याचा सहकारी मोंतान्यो लाल कफनात जमिनीखाली निजले आहेत आणि वर मका डोलतो आहे. शेतीचे शिक्षण घ्यायला आलेला विद्यार्थी रोज हे पाहत असे. वऱ्हाडातल्या माणसाला ते चित्र सहज पाहवणार नाही. आमच्याकडे जीव दिलेल्या कास्तकाराची नोंद सरकारी मदतीसाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशा दोन रकान्यांत होते. त्याचा चेहरा, त्याचे वखर, त्याची पऱ्हाटी यांतले काहीच कागदावर येत नाही.

भिंतीवर रंगवणे ही कला आपल्याला परकी नाही. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतले. हरिषेण वत्सगुल्माचा, म्हणजे 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशीमचा. पाचव्या शतकात ज्या वाशीमच्या छत्राखाली एवढी चित्रे झाली, त्या मुलखात आज भिंत रंगवायची म्हणजे बियाणे, खते आणि उमेदवार, एवढेच उरले आहे. अजिंठ्याचे आणि रिवेरांचे तंत्र मात्र वेगळे. अजिंठ्यात कोरड्या लेपावर चित्र चढले. रिवेरा ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग भरत. गिलावा वाळण्याआधी तेवढा भाग संपवायचा, चूक झाली तर खरवडून पुन्हा गिलावा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये त्यांनी लेनिन रंगवला, तो पुसायला नकार दिला आणि 1934 मध्ये ते भित्तिचित्रच फोडले गेले. हे चित्र त्यांनी त्याच वर्षी मेक्सिकोत पुन्हा रंगवले.

चापिंगोत 2022 साली खानखोजेंचा पुतळा बसला. ते स्वतः 22 जानेवारी 1967 रोजी नागपुरात गेले. पुतळा तिकडे आहे याचा आनंद आहेच, पण आमचे मागणे पुतळ्याचे नाही. 1969 मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आपली एक लांब भिंत चित्रकारांच्या हवाली करावी. अमरावतीत, पंजाबरावांनी 1932 मध्ये उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेनेही करावी. तिथे खानखोजे असावेत, पंजाबराव असावेत, पण त्यांच्या बरोबरीने कापूस वेचणारी बाई, वरूड-मोर्शीचा संत्रा बागाईतदार आणि सालदारही असावा, तितक्याच मोठ्या आकारात. कोणाचे चेहरे काढायचे हे गावच्या माणसांना विचारून ठरवावे. चित्रकारांना पुरेसे दिवस द्यावेत, आणि त्यांची मजुरी वेळेवर द्यावी.